वसईचा दुभाषी, नागासाकीचा रक्तसाक्षी



फेब्रुवारी महिना आला की आपल्या धर्मप्रांतात संत गोन्सालो गार्सिया यांचे स्मरण होते. वसईच्या किल्ल्यातल्या त्यांच्या चर्चमध्ये सण साजरा होतो. डहाणू रोडहून सकाळची गाडी धरून तिथे जाऊन येणारी मंडळी आपल्यातही आहेत. तरीसुद्धा या संताविषयी विचारले तर बहुतेकांना दोन गोष्टी सांगता येतात. ते वसईचे होते आणि जपानमध्ये त्यांना क्रुसावर मारले. या दोन गोष्टींच्या मध्ये सुमारे चाळीस वर्षांचे आयुष्य आहे, त्याची माहिती फारशी कुणाला नसते.

आज त्या चाळीस वर्षांविषयी लिहायचे आहे. क्रुसावरचे मरण एका दिवसाचे होते. त्या दिवसापर्यंत पोहोचवणारी वर्षे मात्र तुमच्या-आमच्यासारखीच गेली. लहान वयात घर सोडणे, परक्याची भाषा शिकणे, मुलांना प्रार्थना शिकवणे, अर्ज नाकारला जाणे, दुकान चालवणे, आजाऱ्यांची सेवा करणे, एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावून सांगणे. या माणसाने आयुष्यात एकदाही पवित्र मिस्सा अर्पण केली नाही, कारण ते धर्मगुरू नव्हतेच. श्रद्धा वाढवणे आणि टिकवणे हे फादरांचे आणि सिस्टरांचे काम, असे ज्यांना वाटते त्यांनी हे आयुष्य जरा जवळून पाहावे.

दोन भाषांचे घर

१५३४ च्या डिसेंबर महिन्यात गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर वसईपासून दमणपर्यंतची किनारपट्टी हळूहळू पोर्तुगीजांच्या हाती गेली. आपले तारापूर आणि डहाणूही त्यात आले. म्हणजे ज्या काळाची ही गोष्ट आहे, त्या काळाशी आपल्या समुद्राचाही संबंध आहे.

गोन्सालोचा जन्म वसईत १५५६-५७ च्या सुमारास झाला. वडील पोर्तुगीज शिपाई आणि आई इथलीच, कोकणच्या मातीतली. त्या काळी पोर्तुगीज राज्यात माणसाचा जन्म कुठे झाला आणि कुणाच्या पोटी झाला, यावरून त्याची पायरी ठरत असे. युरोपात जन्मलेला वरचा, इथे जन्मलेला पोर्तुगीज त्याच्याखाली, मिश्र रक्ताचा त्याच्याही खाली आणि इथला माणूस सर्वांच्या खाली. गोन्सालो त्या मधल्या पायरीवर जन्मला. वडिलांच्या लोकांना तो पुरता आपला वाटणार नव्हता आणि आईच्या लोकांनाही नाही.

अशा घरात मुलाला एक देणगी मात्र आपोआप मिळते. वडिलांची भाषा एक, आईची दुसरी. कोणत्या माणसाशी कसे बोलायचे हे तो पुस्तक न उघडताच शिकतो. आपल्या पाड्यांवरच्या मुलांकडे पाहा. घरात वारली, शाळेत मराठी, उंबरगावच्या बाजारात गुजराती आणि मोबाईलवर हिंदी. सात-आठ वर्षांचे पोर चार भाषांतून सहज ये-जा करते. दहावीच्या गुणपत्रिकेत या गोष्टीला कुठे गुण नसतात, म्हणून आपण तिला हुशारी म्हणत नाही. गोन्सालोचे पुढचे सगळे आयुष्य याच देणगीवर उभे राहिले.

वसईत तेव्हा येशूसंघीय धर्मगुरूंचे काम सुरू झाले होते. संत फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईला येऊन गेले होते. त्या येशूसंघीयांकडे गोन्सालोचे शिक्षण झाले. फादर सेबास्तियाव गोन्साल्विस यांचे या मुलावर लक्ष होते. १५७२ मध्ये, साधारण पंधराव्या वर्षी, गोन्सालो त्यांच्याबरोबर जहाजात बसला आणि जपानला पोहोचला.

पंधरा वर्षांचा मुलगा समुद्रावर जातो म्हणजे काय होते, हे इतर कुणाला कळो न कळो, आपल्या लोकांना कळते. पावसाळा संपला की डहाणू-तलासरीची किती तरी पोरे खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. वेरावळ, पोरबंदर, ओखा ही नावे आपल्या आयांना पाठ असतात. फोन लागेपर्यंत घरातला दिवा विझत नाही. गोन्सालोच्या आईला तर फोनही नव्हता. हजारो मैलांचा समुद्र पार करून गेलेल्या त्या मुलाचे पुढचे सगळे आयुष्य पूर्वेकडच्या देशांतच गेले.

आठ वर्षे धर्मशिक्षक

जपानमध्ये ख्रिस्ताचा संदेश संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४९ मध्ये नेला. त्यानंतरच्या धर्मगुरूंपुढे सर्वांत मोठी अडचण भाषेची होती. जपानी भाषेत मोठ्यांशी बोलण्याची रीत वेगळी, लहानांशी बोलण्याची वेगळी. एखादा शब्द चुकला तर नम्र माणूसही उद्धट ठरावा. मोठे शिकलेले युरोपीय धर्मगुरू तिथे वर्षानुवर्षे चाचपडत. वसईच्या या मुलाने ती भाषा लवकर आत्मसात केली आणि जवळजवळ आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले.

धर्मशिक्षकाचे काम बाहेरून फार साधे दिसते. आपल्याकडे ज्याला आपण मास्तर म्हणतो त्याचेच ते काम. मुलांना गोळा करायचे, क्रुसाची खूण शिकवायची, तीच प्रार्थना पन्नास वेळा म्हणून घ्यायची. आजाऱ्याच्या घरी जायचे. फादर येणार असतील तर लोकांना आधी तयार करायचे आणि फादर निघून गेल्यावर लोकांच्या मनातल्या शंकांना उत्तरे द्यायची. फादर महिन्यातून एखादे वेळी येतात. मास्तर रोज तिथेच असतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटल आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथांत एक विचार वारंवार भेटतो. सद्गुण हा माणसात एकदम उतरत नाही. तो सवयीने येतो. वीणा वाजवून वाजवून माणूस वादक होतो, तसा न्यायाने वागून वागून न्यायी होतो आणि धैर्याने वागून वागून धीट होतो. देवाची कृपा तर लागतेच, पण कृपाही माणसाच्या रोजच्या वागण्याला धरूनच काम करते. वाडीतल्या चिकूच्या कलमाला पाणी एकदाच भरपूर घालून चालत नाही, वर्षानुवर्षे घालावे लागते. गोन्सालो क्रुसाला घाबरले नाहीत याचे आपल्याला आश्चर्य वाटते. त्या धैर्याची मुळे या आठ वर्षांत शोधावी लागतात. रोज तेच काम, कुणाच्या डोळ्यांत न भरणारे.

एक नकार

या आठ वर्षांत गोन्सालोच्या मनात एक इच्छा होती. ज्यांनी त्याला शिकवले, ज्यांच्याबरोबर तो राबत होता, त्या येशूसंघात त्याला सभासद व्हायचे होते. त्याने विनंती केली. त्याला प्रवेश मिळाला नाही.

त्या काळी पूर्वेकडे जन्मलेल्यांना आणि मिश्र रक्ताच्या तरुणांना युरोपीय धर्मसंघांची दारे फार क्वचित उघडत. काम करायला माणूस चालत असे, पण आपल्यातला एक म्हणून पंगतीला बसवायला मन तयार होत नसे. ख्रिस्तसभेच्या इतिहासातले हे पान सुखाचे नाही आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुढे ख्रिस्तसभा या बाबतीत बदलली. आज येशूसंघाचे आणि फ्रान्सिस्कनांचे कितीतरी सभासद भारतीय आहेत. पण गोन्सालोचे तरुणपण त्या बदलाच्या आधीचे होते.

या ठिकाणी थोडे थांबू या. आपल्या धर्मग्रामातही नकार घेऊन बसलेली माणसे आहेत. पोलीस भरतीत दोन गुणांनी राहिलेला मुलगा आहे. दाखला वेळेवर मिळाला नाही म्हणून नर्सिंगचा प्रवेश हुकलेली मुलगी आहे. कुणाचे ठरलेले लग्न मोडले आहे. नकार आला की माणूस आधी स्वतःला कमी समजतो, मग ज्यांनी नाकारले त्यांच्यावर रागावतो आणि शेवटी त्या सगळ्यांना पाहत असलेल्या देवावर रुसतो. रविवारी चर्चमध्ये एक जागा रिकामी दिसू लागते.

गोन्सालोला दुःख झालेच असणार. आठ वर्षे ज्या घरासाठी घाम गाळला त्या घरात घेतले जात नाही, हे दुःख लहान नाही. तो जपान सोडून निघून गेला. पण श्रद्धा त्याने सोडली नाही. ज्यांनी नकार दिला त्यांनीच आपल्याला प्रार्थना शिकवली होती, आणि ती प्रार्थना त्याने त्यांना परत केली नाही. नकार माणसांचा होता. देवाचे बोलावणे अजून संपले नव्हते, ते दुसऱ्या रस्त्याने येणार होते.

भरलेला गल्ला

गोन्सालो व्यापाराला लागले. पूर्वेकडच्या बंदरांत त्यांनी दुकान टाकले आणि धंदा भराभर वाढला. एकाची दोन, दोनाची चार दुकाने झाली. भाषा येत होत्या, माणसे ओळखीची होती आणि परक्या देशात कसे राहायचे हे कळत होते. जे गुण धर्मशिक्षकाला उपयोगी पडले तेच दुकानदारालाही उपयोगी पडले.

बाजारात बसणारा माणूस देवापासून दूर असतो, असे आपण उगीच समजतो. डहाणूच्या बाजारात मासळी विकणारी बाई, चिकूच्या पेट्या भरणारा व्यापारी, तलासरी नाक्यावर टपरी चालवणारा तरुण, या सगळ्यांची श्रद्धा रोज तराजूच्या काट्यावर तपासली जाते. कमी वजनाचे माप हाताशी असते आणि समोरचा अडाणी असतो. त्या क्षणी काय करायचे, याचे उत्तर चर्चच्या बाकावर बसून देता येत नाही, दुकानातच द्यावे लागते.

व्यापारामुळे गोन्सालोंची मनिलाशी ओळख झाली. फिलिपाइन्समधले हे शहर तेव्हा स्पेनच्या राज्यात होते. तिथे त्यांना फ्रान्सिस्कन भेटले. अनवाणी चालणारे, भिक्षेवर राहणारे, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणारे हे लोक. १५८० च्या दशकाच्या अखेरीस गोन्सालोंनी आपला व्यवसाय सोडला आणि मनिलाला फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. धर्मगुरू होण्यासाठी त्यांनी प्रवेश घेतला नव्हता. ते साधे व्रतस्थ बंधू झाले. आपल्या बोलीत ब्रदर.

हा निर्णय त्यांनी कधी घेतला, ते पाहण्यासारखे आहे. धंदा बुडाला की देव आठवतो, हे आपल्याला नवे नाही. कर्ज डोक्यावर आले की नवस, दुखणे आले की नोव्हेना. देव अशा वेळीही ऐकतो, तो रागावत नाही. पण गोन्सालो देवाकडे वळले तेव्हा त्यांचे दुकान चालत होते आणि गल्ला भरलेला होता. शुभवर्तमानात एक श्रीमंत तरुण प्रभू येशूकडे येतो आणि संपत्ती सोडवत नाही म्हणून खिन्न होऊन परत जातो. वसईच्या या दुकानदाराला तोच प्रश्न पडला असावा, पण ते परत गेले नाहीत. पूर्वी एका दाराशी उभे राहून त्यांनी आत घ्या म्हणून विनवले होते. आता गमावण्यासारखे पुष्कळ हाताशी असताना ते दुसऱ्या दाराने आत गेले आणि सर्वांत खालच्या जागी बसले.

दोघांच्या मध्ये उभा असलेला माणूस

जपानमध्ये त्या वेळी तोयोतोमी हिदेयोशी याची सत्ता होती. सामान्य घरात जन्मलेल्या या माणसाने पराक्रमाने आणि चतुराईने सगळा जपान एका छत्राखाली आणला होता. १५८७ मध्ये त्याने परदेशी धर्मप्रसारकांनी देश सोडावा असा हुकूम काढला होता, पण त्याची अंमलबजावणी कडक झाली नव्हती. त्याने मनिलाकडेही शरणागतीची मागणी करणारे निरोप पाठवले. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला समेट हवा होता. त्याने फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ पाठवले. जपानी भाषा उत्तम जाणणारा माणूस त्यात हवाच होता. अशा रीतीने ब्रदर गोन्सालो दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आले. १५९३ मध्ये हे शिष्टमंडळ हिदेयोशीपुढे उभे राहिले.

दुभाष्याचे काम किती जोखमीचे असते, याचा विचार करा. एका बाजूला स्पेनचे राज्य, दुसऱ्या बाजूला जपानचा सर्वेसर्वा, आणि दोघांमधला प्रत्येक शब्द एका माणसाच्या तोंडातून जाणार. त्याने एक शब्द गोड करून सांगितला किंवा एक शब्द गाळला, तर कुणालाच कळणार नाही. दोघांचा विश्वास एकट्या त्याच्यावर. शिष्टमंडळाला जपानमध्ये राहण्याची परवानगी मिळाली. क्योतो शहरात जागा मिळाली. तिथे चर्च उभे राहिले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये सुरू झाली. सोबतच्या धर्मगुरूंना भाषा येईपर्यंत ब्रदर गोन्सालो हेच त्यांचे तोंड आणि कान होते.

तलासरी आणि डहाणूच्या लोकांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्या आजा-पणजाच्या काळात सावकाराने कागद पुढे केला आणि अंगठा उठवायला सांगितले. कागदावर काय आहे, हे खरेखुरे सांगणारा माणूस शेजारी नव्हता. तेवढ्यावर जमिनी गेल्या आणि पिढ्या वेठीला बांधल्या गेल्या. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारली लोकांनी एकत्र येऊन त्या वेठीला नकार दिला, तो इतिहास आपल्या घराघरांत सांगितला जातो. वेठ गेली, पण कागद अजून आहेत. तहसील कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, वनजमिनीच्या दाव्यात अजून एखादी म्हातारी हातात कागद घेऊन उभी असते आणि दोन बुके शिकलेल्या पोराकडे पाहते. त्या पोराने कागद नीट वाचून, काही न लपवता, पैसे न मागता तिला समजावून सांगितला, तर तो संत गोन्सालोंचेच काम करत असतो. त्यानेच तिला फसवले, तर रविवारी पुढच्या बाकावर बसून त्याचे काय व्हायचे?

क्योतो ते नागासाकी

१५९६ हे वर्ष जपानला कठीण गेले. सप्टेंबरमध्ये क्योतोच्या परिसरात मोठा भूकंप झाला. कोरियातले युद्ध लांबले होते. अशा वेळी ऑक्टोबर महिन्यात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यातला किमती माल हिदेयोशीने जप्त केला. त्यातून वाद वाढला. आधी धर्मप्रसारक येतात आणि मागून स्पेनचे सैन्य येते, असा संशय पेटला. राज्यकर्त्यांच्या या संशयात बळी गेले ते कुष्ठरोग्यांची सेवा करणारे लोक. डिसेंबरमध्ये क्योतो आणि ओसाका इथल्या फ्रान्सिस्कनांना आणि त्यांच्याबरोबरच्या ख्रिस्ती लोकांना पकडण्यात आले.

१५९७ च्या जानेवारीत क्योतोत चोवीस जणांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. त्यांना गाड्यांतून शहरभर फिरवले आणि मग ऐन हिवाळ्यात नागासाकीकडे नेले. हा प्रवास जवळजवळ महिनाभर चालला. वाटेत दोन माणसे त्यांना मदत करत मागे मागे चालत होती. पहारेकऱ्यांनी त्यांनाही धरले आणि आकडा सव्वीस झाला. या दोघांची नावे पहिल्या यादीत नव्हती. बांधलेल्या माणसांची सोबत करणे एवढाच त्यांचा अपराध.

या सव्वीस जणांत कोण कोण होते पाहा. सहा फ्रान्सिस्कन होते. त्यांत चार स्पेनचे, एक मेक्सिकोत जन्मलेले फेलिपे, जे सान फेलिपे जहाजावरूनच आले होते, आणि एक आपले वसईचे गोन्सालो. तिघे जपानी येशूसंघीय होते, त्यांत संत पॉल मिकी. उरलेले सतरा जण जपानी प्रापंचिक. त्यांत धर्मशिक्षक होते, सुतार होता, आणि लहान मुलेही होती. लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा, अँथनी तेरा वर्षांचा. थॉमस कोझाकी त्यांच्याहून थोडा मोठा, तो वडिलांबरोबर चालत होता. वाटेत त्याने आईला निरोपाचे पत्र लिहिले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने मांडून ठेवले होते. दोरांनी आणि लोखंडी कड्यांनी त्यांना क्रुसांवर बांधले, क्रूस उभे केले आणि भाल्यांनी भोसकले. ब्रदर गोन्सालो आपल्या क्रुसाकडे सर्वांच्या आधी धावत गेले, असे परंपरेने सांगतात. त्या वेळी ते सुमारे चाळीस वर्षांचे होते.

त्या ओळीकडे पुन्हा पाहा. येशूसंघाने ज्याला आत घेतले नव्हते तो मुलगा आणि येशूसंघाचे तीन सभासद एकाच टेकडीवर, एकाच ओळीत आहेत. स्पेनचा माणूस आणि वसईचा मिश्र रक्ताचा माणूस यांचे क्रूस सारख्याच उंचीचे आहेत. धर्मगुरू, ब्रदर, सुतार आणि बारा वर्षांचे पोर यांच्यात पायऱ्या उरलेल्या नाहीत. ज्या पंगतीला गोन्सालोला बसवायला माणसे कचरली होती, त्या पंगतीला प्रभू येशूने स्वतः त्यांना बसवले.

त्यानंतर काय झाले

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी या रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्वांना संतपद दिले. भारतात जन्मलेले पहिले अधिकृत संत म्हणून गोन्सालो गार्सिया ओळखले जातात. अखिल ख्रिस्तसभा या सव्वीस जणांचे स्मरण ६ फेब्रुवारीला करते. वसईच्या गास गावातले चर्च आणि वसईचे महाविद्यालय त्यांचे नाव चालवतात.

त्यांच्या कामाचे खरे फळ मात्र जपानमध्येच दिसले. १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू मारले गेले किंवा हाकलले गेले. चर्च पाडली गेली. दोनशेहून अधिक वर्षे त्या देशात उघडपणे मिस्सा झाली नाही. सगळे संपले, असेच जगाला वाटले. मग १८६५ मध्ये नागासाकीत सव्वीस रक्तसाक्षींच्या नावाने ओउरा इथे नवे चर्च बांधून झाले आणि थोड्याच दिवसांत, मार्च महिन्यात, उराकामी गावचे काही लोक तिथे आले. फादर पेतिजाँ यांना त्यांनी हळूच सांगितले की आमचीही श्रद्धा तुमच्यासारखीच आहे. धर्मगुरूंशिवाय, चर्चशिवाय, सात पिढ्या त्यांनी श्रद्धा जपली होती.

ही श्रद्धा कुणी जपली? गावातला एक जण बाळांना बाप्तिस्मा देई. दुसरा सणांचे दिवस मोजून लक्षात ठेवी. रात्री दार लावून आई मुलांना प्रार्थना शिकवी. धर्मगुरू नसलेल्यांनी हे केले. वसईच्या एका मुलाने पूर्वी ज्या देशात आठ वर्षे बसून मुलांकडून प्रार्थना म्हणून घेतल्या, त्याच देशात ते काम साध्या माणसांनी पुढे चालवले.

धर्मग्रामस्थांनो, आपल्या धर्मग्रामाचे पाडे लांब लांब पसरलेले आहेत. पावसात ओढ्याला पाणी आले की काही पाड्यांवर पोहोचता येत नाही. वीटभट्टीवर आणि बोटींवर गेलेली कुटुंबे पाच-सहा महिने चर्चपासून दूर असतात. वापी आणि सरीगामच्या कारखान्यांत रविवारीही पाळी लागते. अशा वेळी फादर येतील तेव्हा पाहू असे म्हटले, तर श्रद्धा वाळून जाईल. घरात जो मोठा आहे त्याने झोपण्याआधी क्रुसाची खूण करून मुलांना जवळ घ्यावे. एक आमच्या बापा आणि एक नमो मरिया, एवढ्याला पाच मिनिटे लागत नाहीत. प्रार्थना वारलीतून केली तरी देवाला समजते, त्याला दुभाषी लागत नाही.

आणि ज्यांना कधी कुणी नाकारले आहे त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. तुमच्याजवळ जे आहे, भाषा, हिशेब, सुतारकी, शिवण, गाणे, ते बाजूला ठेवू नका. देव त्याचा उपयोग कुठे करील हे आज दिसत नसेल. दुकानात बसलेल्या गोन्सालोंनाही ते दिसत नव्हते.

पाड्यांवर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देण्यासाठी आपल्याला आणखी माणसे हवी आहेत. फार शिकलेले असण्याची गरज नाही, वारली बोलता येत असेल तर अधिक चांगले. पहिल्या मिस्सानंतर सॅक्रिस्टीच्या दाराशी वही ठेवलेली असेल. ज्यांना जमेल त्यांनी आपले आणि आपल्या पाड्याचे नाव त्यात लिहावे.

प्रभूचा आशीर्वाद तुम्हा सर्वांवर असो.

आपला,
धर्मगुरू